ओंगोलचे क्लफसाहेब

मराठी ख्रिस्ती समाजात ‘चर्च’ ह्या एका इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ दोन निरनिराळ्या शब्दांनी दाखविले जातात. उपासनेच्या इमारतीला उपासनामंदिर किंवा नुसते चर्च म्हणतात. आणि त्या इमारतीत जमणाऱ्या माणसांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. ज्या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाविषयी मी आज बोलणार आहे, त्याने फार मोठे चर्च उभारले असे म्हटले जाते ते ह्या दुसऱ्या अर्थाने. १८६७ साली आठ माणसांनिशी सुरू झालेली त्याची मंडळी पुढे पंधराएक वर्षांत वीस हजारांवर गेली, आणि एके काळी ती जगातील सर्वांत मोठी बॅप्टिस्ट मंडळी म्हणून ओळखली जाई. ही मंडळी ना लंडनमध्ये होती, ना न्यूयॉर्कमध्ये. ती होती आपल्याच देशात, आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या ओंगोल ह्या गावी. त्या धर्मोपदेशकाचे नाव जॉन एव्हरेट क्लफ.

भिलाईत राहणाऱ्या मराठी माणसाने ओंगोलची आठवण काढावी ह्यात फारसे नवल नाही. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि त्या भट्टीच्या आधारे सारा हिंदुस्थान येथे राहावयास आला. मराठी, बंगाली, मल्याळी, पंजाबी आणि फार मोठ्या संख्येने तेलुगू. येथील तेलुगू शेजाऱ्यांशी त्यांच्या गावाकडील जुन्या काळाविषयी बोलताना दुष्काळ, कालवा आणि मिशन हे तीन शब्द अनेकदा एकापाठोपाठ येतात. हे शब्द एकत्र का येतात, ह्याचा शोध घेऊ लागले की आपण क्लफ ह्यांच्या चरित्रापाशी येऊन पोहोचतो.

प्रथम ‘बॅप्टिस्ट’ म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. ह्या पंथात तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने समजत्या वयात, स्वतःच्या तोंडाने आपली श्रद्धा सांगावी आणि मग पाण्यात पूर्ण बुडून दीक्षा घ्यावी, असा त्यांचा आग्रह असतो. आपणां मराठी भाषकांना ह्या पंथाचे एक जुने ऋण आहे. मराठीच्या अगदी आरंभीच्या छापील व्याकरणांपैकी एक १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झाले, त्याचे कर्ते विल्यम कॅरी हे बॅप्टिस्टच होते. आज मात्र आपल्याला ह्या पंथाचे एवढेच वैशिष्ट्य लक्षात ठेवायचे आहे की, त्यात प्रत्येक माणसाच्या स्वतंत्र होकाराला सर्वांत अधिक मोल आहे. क्लफ ह्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग ह्या एका तत्त्वाभोवतीच फिरतो.

क्लफ ह्यांचा जन्म १८३६ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. कुटुंब पश्चिमेकडे सरकत इलिनॉय आणि पुढे आयोवा ह्या राज्यांत गेले. तरुणपणी त्यांनी मिनेसोटाच्या ओसाड प्रदेशात सरकारी मोजणीखात्याच्या तुकडीबरोबर काम केले. साखळी ओढणे, पातळी घेणे, नकाशे करणे हे सर्व ते तेथे शिकले. पुढे वकील होण्याचा त्यांचा मानस होता. परंतु शिक्षण घेत असतानाच ते धर्माकडे वळले, आणि १८६४ च्या नोव्हेंबरात पत्नी हॅरिएटसह बोस्टनहून जहाजात बसले. १८६५ च्या एप्रिलमध्ये ते मद्रासला उतरले. मोजणीच्या कामात मिळविलेले ज्ञान धर्मोपदेशकाला काय कामाचे, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते. बारा वर्षांनी मात्र तेच ज्ञान हजारो माणसांचे प्राण वाचविण्याच्या उपयोगी पडले.

ज्या अमेरिकन मिशनमध्ये ते दाखल झाले त्याची अवस्था त्या वेळी केविलवाणी होती. नेल्लोर येथे पंचवीसएक वर्षे काम चालू असूनही हाती फारसे काही लागले नव्हते. हे ठाणे बंद करावे, असा विचार अमेरिकेतील चालकांनी एकदा नव्हे, अनेकदा केला होता. नकाशावर एकटेच दिसणारे हे ठाणे, म्हणून त्याला ‘एकाकी तारा’ असे नावही पडले होते. लायमन ज्युएट नावाच्या मिशनऱ्याने हट्ट धरला म्हणून ते टिकले. क्लफ १८६६ साली नेल्लोरहून उत्तरेस ओंगोल येथे राहावयास गेले.

ओंगोलची गोष्ट मात्र क्लफपासून सुरू होत नाही. ती सुरू होते येर्रगुंटला पेरय्या ह्या मादिगा जातीच्या माणसापासून. मादिगा म्हणजे चामड्याचे काम करणारा, आपल्याकडील मांग आणि चांभार ह्यांच्याशी मिळताजुळता असा अस्पृश्य समाज. गावातील मेलेली जनावरे ओढावयाची, चपला आणि मोटा शिवून द्यावयाच्या, सणासमारंभात डफ वाजवावयाचा, आणि बोलावणे येईल तेव्हा वेठीला हजर व्हावयाचे, असे त्यांचे जिणे होते. पेरय्या हा चामड्याचा व्यापार करी. अक्षरओळख नव्हती, पण तो अडाणी मात्र नव्हता. योगमार्गी गुरूंच्या संगतीत राहून त्याने साधना केली होती, आणि मूर्तिपूजेवरील त्याचे मन पूर्वीच उडाले होते. व्यापारासाठी उत्तरेकडे गेला असता ख्रिस्ती उपदेश त्याच्या कानी पडला. १८६६ मध्ये त्याने आणि त्याची पत्नी नागम्मा हिने बाप्तिस्मा घेतला. मग ताल्लाकोंडपाडू ह्या आपल्या गावच्या आसपास, आपल्या नातलगांत आणि गणगोतांत, तो स्वतःच हिंडून बोलू लागला. पुढे क्लफ त्या गावी गेले तेव्हा चिंचेच्या झाडांखाली माणसे त्यांची वाट पाहतच बसली होती. पाच दिवस ती तेथेच राहिली, आणि शेवटी अठ्ठावीस जणांनी बाप्तिस्मा घेतला. साहेबाने जाऊन गाव जिंकले असा हा प्रकार नव्हे. गावाने साहेबाला बोलावून घेतले होते.

ह्याच सुमारास क्लफ ह्यांच्यापुढे पहिला मोठा पेच उभा राहिला. ओंगोलमधील ब्राह्मण व कोमटी कुटुंबांतील मुले त्यांच्या शाळेत येऊ लागली होती. वजनदार माणसे त्यांच्या बंगल्यावर येत, चर्चा करीत, आणि आणखी काही दिवसांनी त्यांच्यापैकी कोणी ख्रिस्ती होईल असा रंग दिसत होता. इतक्यात मादिगा दाराशी आले. वरच्या जातींनी स्पष्ट सांगितले की, ह्या लोकांना आत घ्याल तर आम्ही येणार नाही. त्या काळी बहुतेक मिशनऱ्यांची समजूत अशी होती की, वरचे वर्ग प्रथम आले म्हणजे खालचे आपोआप मागून येतील. क्लफ आणि त्यांची पत्नी वेगवेगळ्या खोल्यांत बायबल उघडून बसले असता दोघांच्याही दृष्टीस एकच उतारा पडला, असे क्लफ ह्यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. तो उतारा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील असून, ईश्वराने जगातील हीनदीनांनाच निवडले, असा त्याचा आशय आहे. ह्या योगायोगावर कोणी विश्वास ठेवावा किंवा ठेवू नये. परिणाम मात्र निश्चित झाला. मादिगांना आत घेतले गेले, आणि शाळेतील वरच्या जातींची मुले निघून गेली.

नव्या माणसांना क्लफ ह्यांनी घातलेले नियम मोजकेच होते. रविवारी काम करू नये, मृतमांस खाऊ नये, मूर्तिपूजा करू नये. वरवर पाहता हे धार्मिक नियम वाटतात. परंतु गावगाड्यात त्यांचा अर्थ फार निराळा होता. रविवारी काम नाही म्हणजे आठवड्यातून एक दिवस वेठ नाही. मूर्तिपूजा नाही म्हणजे देवीच्या जत्रेत डफ वाजविणे नाही. मृतमांस नाही म्हणजे ज्या गोष्टीमुळे आपल्याला हीन ठरविले जाते तीच सोडून देणे. गावच्या कारभाऱ्यांनी ह्याचा अर्थ बरोबर ओळखला. मादिगांना विहिरी बंद झाल्या, कामे बंद झाली, खोट्या फिर्यादी आणि मारहाण झाली. ह्यानंतर साठ वर्षांनी, १९२७ च्या मार्चमध्ये, महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडा असे आपल्या बांधवांना सांगितले. दोघांच्या वाटा निराळ्या, ध्येयेही निराळी. पण आत्मसन्मानाची सुरुवात स्वतःच्या ताटापासून होते, ही ओळख दोन्हीकडे सारखीच आहे.

आता त्या भयंकर दुष्काळाकडे वळू. १८७६ पासून १८७८ पर्यंत मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्याचा दख्खन भाग होरपळून निघाला. लाखो माणसे मेली. हिंदुस्थान सरकारने दुष्काळी कामांवर देखरेख ठेवण्यासाठी सर रिचर्ड टेंपल ह्यांना पाठविले. हे टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर म्हणून नागपूरला राहून गेलेले, आणि त्या काळी छत्तीसगड त्यांच्याच अमलाखाली होते. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांनी कामावरील पुरुषाची मजुरी दररोज एक पौंड धान्य आणि एक आणा एवढी खाली आणली. मुंबई इलाख्यात ही मजुरी लागू होताच हजारो मजुरांनी कामे सोडून दिली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू निर्भयपणे मांडली. हा इतिहास मराठी श्रोत्यांना परिचित असेल.

मद्रास इलाख्यात किनाऱ्याला समांतर असा बकिंगहॅम कालवा दुष्काळी काम म्हणून पुढे नेण्यात येत होता. त्याच्या छावण्यांत मादिगांचे हाल होत होते. कारण मुकादम बहुधा वरच्या जातींचे, आणि शिवाशिवीचा जाच दुष्काळातही सुटत नव्हता. क्लफ ह्यांनी कालव्याच्या साडेतीन मैलांचा ठेका स्वतःच्या अंगावर घेतला. मिनेसोटात साखळी ओढलेला हात आता कामी आला. त्यांनी छावणी घातली, झोपड्या बांधल्या, विहिरी खणल्या, आणि मुकादम म्हणून आपले मादिगा प्रचारक नेमले. हजारो माणसे तेथे येऊन राहिली. त्यांत मादिगाच नव्हते, सगळ्या जातींची होती. दिवसभर टोपल्या वाहावयाच्या, आणि दुपारी घटकाभर विसावा घेताना प्रचारकांचे बोलणे ऐकावयाचे, असा क्रम चालू झाला. पटकीची साथ आली, माणसे मेली, तरी काम चालू राहिले. पुढे विलायतेतून आलेल्या मदतनिधीच्या वाटपाचे कामही त्यांच्याकडे आले.

आणि येथेच दुसरा पेच पडला. छावणीतील माणसे बाप्तिस्मा मागू लागली. शेकड्यांनी नव्हे, हजारांनी. ज्या मिशनला तीस वर्षे माणसे मिळत नव्हती त्याला ती आता दाराशी येऊन विनवीत होती. क्लफ ह्यांनी नकार दिला. ज्याच्या हातात धान्याची किल्ली आहे त्याने माणसाचा होकार मागू नये, कारण तो होकार त्या माणसाचा स्वतःचा आहे की त्याच्या पोटाचा, हे कळावयास मार्ग नसतो. सुमारे पंधरा महिने, म्हणजे मदतीचा शेवटचा पैसा वाटून होईपर्यंत, त्यांनी एकालाही बाप्तिस्मा दिला नाही.

श्रोतेहो, सरकारी नोकरीत ज्याने मदतीच्या याद्या केल्या आहेत, त्याला ह्या पंधरा महिन्यांचे मोल विशेष कळेल. मदत देणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, हे मदत घेणारा एका क्षणात ओळखतो. त्याला कोणी काही सुचवावे लागत नाही. तो आपण होऊनच वाकतो, आपण होऊनच होय म्हणतो. म्हणून मदत देणाऱ्याने नुसते काही न मागणे पुरेसे नसते. पुढे केलेले देखील न घेण्याचा निग्रह त्याला दाखवावा लागतो. आपल्या कामाचे यश ज्यात मोजले जाते तेच दाराशी आलेले असताना ते परत पाठविणे सोपे नाही. अहवालात भरावयाचे आकडे समोर दिसत असता लेखणी आवरून धरणारी माणसे कोणत्याही खात्यात थोडीच असतात.

१८७८ च्या जूनमध्ये मदतकार्य संपले. क्लफ ह्यांनी गुंडलकम्मा नदीकाठच्या वेल्लमपल्ली येथे आपल्या प्रचारकांना बोलाविले, आणि आता मदत बंद झाली आहे, इतरांना आणू नका, असे बजाविले. तरीही हजारो लोक आले. आम्हांला पैसे नकोत, कालव्यावर आम्ही हातांनी कष्ट करून खाल्ले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रचारक आपापल्या गावांच्या याद्या घेऊन बसले आणि एकेकाची विचारपूस झाली. मग जुलैच्या २ तारखेला ६१४ आणि ३ तारखेला २,२२२ माणसांना नदीत बाप्तिस्मा देण्यात आला. त्या दिवशी क्लफ स्वतः पाण्यात उतरले नाहीत. सहा तेलुगू धर्मोपदेशक दोघादोघांच्या पाळीने सकाळपासून सायंकाळपर्यंत पाण्यात उभे होते. वर्षअखेरीपर्यंत हा आकडा साडेनऊ हजारांवर गेला.

ह्या घटनेकडे केवळ कौतुकाने पाहणे बरोबर होणार नाही. रोमन कॅथॉलिक पाद्री त्या भागात फिरू लागले होते, आणि आणखी थांबलो तर ही माणसे तिकडे जातील ही चिंता क्लफ ह्यांना होती, हे त्यांनी लपविलेले नाही. मदत थांबल्यावरही उपकाराची जाणीव थांबत नसते, हेही खरे. शिवाय ही माणसे एकेकटी आली नव्हती. घरेच्या घरे, गणगोतेच्या गणगोते आली होती. त्यामुळे मंडळी वाढली तरी जात सुटली नाही. आंध्रच्या किनाऱ्यावर मादिगा बहुतांशी बॅप्टिस्ट झाले आणि माला बहुतांशी इतर मिशनांकडे गेले. जुनी शीव नव्या धर्मातही शिल्लक राहिली. क्लफ ह्यांनी गावची जुनी पंचांची पद्धत मोडली नाही, उलट तिच्याच आधाराने मंडळी चालविली. तेच तिचे बळ होते आणि तीच तिची मर्यादा.

ह्याच काळी आमच्या छत्तीसगडात काय घडत होते, ते पाहिले म्हणजे तुलना अधिक स्पष्ट होते. १८६८ साली ऑस्कर लोर हे जर्मन इव्हँजेलिकल पंथाचे मिशनरी रायपूरला आले. ते बॅप्टिस्ट नव्हते. गुरू घासीदासांच्या उपदेशाने मूर्तिपूजा आणि जातिभेद नाकारणारा सतनामी समाज ह्या भागात आहे, हे कळल्यावर त्यांना वाटले की, आपल्यासाठी नांगरलेले शेत तयारच आहे. रायपूरच्या उत्तरेस त्यांनी १,५४४ एकर पडीक जमीन घेतली, गाव वसविले आणि त्याला बिश्रामपूर असे नाव दिले. तेथे दगडी उपासनामंदिर उभे राहिले. ते इमॅन्युएल चर्च होय. परंतु अपेक्षेप्रमाणे सतनामी आले नाहीत. त्यांनी गळ्यातील जानवे काढावे असा आग्रह धरला जाताच समाज दुरावला. कारण ते जानवे त्यांच्या दृष्टीने गुलामीची खूण नसून मोठ्या कष्टाने मिळविलेल्या मानाचे चिन्ह होते. जे थोडे आले त्यांना जमीन, काम आणि कर्ज मिशनकडूनच मिळे, कारण मिशन हेच गावचे मालगुजार होते. धर्मोपदेशक आणि जमीनमालक एकच झाला की, प्रार्थनेला न येणारा माणूस कुळ म्हणून किती दिवस निर्धास्त राहू शकतो, हा प्रश्न उरतोच. लोर ह्यांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शाळा आणि औषधपाणी ह्यांचे त्यांनी केलेले कामही मोठे आहे. तथापि बिश्रामपुरात इमारत लवकर उभी राहिली आणि मंडळी फार हळू वाढली. ओंगोलमध्ये ह्याच्या उलट झाले, आणि त्याचे एक कारण असे की, तेथे साहेबाच्या आधी पेरय्या होता.

क्लफ ह्यांचे पुढील आयुष्य शाळा, शिक्षक आणि खेडोपाडीच्या मंडळ्या ह्यांची व्यवस्था लावण्यात गेले. एकट्या ओंगोलला पेलेना म्हणून त्या विशाल मंडळीच्या पुढे अनेक मंडळ्या करण्यात आल्या. १८९३ मध्ये हॅरिएट वारल्या. नंतर त्यांनी एमा राउशेनबुश ह्या विदुषीशी विवाह केला. मादिगांच्या जीवनावर ह्या बाईंनी १८९९ साली एक पुस्तक लिहिले, आणि चपला शिवण्याच्या त्यांच्या कसबावरूनच त्याला नाव दिले. क्लफ १९१० च्या नोव्हेंबरात अमेरिकेत रोचेस्टर येथे वारले. त्यांचे आत्मचरित्र एमाबाईंनी पुरे करून १९१४ मध्ये प्रसिद्ध केले.

त्यांनी मागे ठेवलेला एक प्रश्न अजून सुटलेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू समाजापुरत्या ठरल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या मादिगांच्या वंशजांना त्या नाहीत. आंध्रात त्यांना मागासवर्गीयांच्या एका निराळ्या गटात घालण्यात आले आहे. कागदावर त्यांची जात गेली; गावात ती गेली की नाही, हे त्या गावच्या विहिरीलाच ठाऊक. ह्या प्रश्नाचा निर्णय कसा व्हावा ह्याविषयी मतभेद आहेत, आणि त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु जो कोणी निर्णय करील त्याने १८७८ च्या त्या उन्हाळ्यातील माणसे डोळ्यांपुढे आणावीत. दुष्काळात ती कालव्यावर राबली, मदत संपल्यावर पायी चालत नदीवर आली, आणि आम्ही काही मागावयास आलो नाही, असे म्हणाली.

मोठी मंडळी उभारणारा म्हणून क्लफ ह्यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण ती उभारणारे पेरय्या होते, नागम्मा होत्या, दिवसभर पाण्यात उभे राहिलेले सहा तेलुगू धर्मोपदेशक होते. क्लफ ह्यांच्या वाट्याला ह्या उभारणीतील एक अवघड काम आले होते. हाती सत्ता असताना त्यांनी पंधरा महिने हात आखडून धरला, आणि उपाशी माणसाच्या होकाराला होकार मानले नाही. त्यांची धर्मश्रद्धा आपली असो वा नसो, हा संयम मात्र आपल्याला घेता येण्यासारखा आहे.